नुओ रिसॉर्ट हॉटेल, बीजिंग

नुओ रिसॉर्ट हॉटेल हे चीनची राजधानी बीजिंग येथील युनिव्हर्सल बीजिंग रिसॉर्ट या मनोरंजन संकुलातील एक आलिशान हॉटेल आहे. शहराच्या पूर्वेकडील थोंगचौ जिल्ह्यात असलेले हे संकुल सप्टेंबर २०२१ मध्ये खुले झाले. संकुलात त्या वेळी दोन हॉटेले सुरू झाली. त्यांपैकी ८०० खोल्यांचे युनिव्हर्सल स्टुडिओज ग्रँड हॉटेल हे हॉलिवूडच्या वातावरणावर बेतलेले आहे, तर ४०० खोल्यांचे नुओ रिसॉर्ट हॉटेल चीनच्या शाही उद्यानांच्या परंपरेतून प्रेरणा घेऊन उभारलेले आहे. अमेरिकी चित्रपटांवर आधारलेल्या थीम पार्कच्या शेजारी चिनी राजवैभवाची आठवण करून देणारे निवासस्थान, हे या हॉटेलचे प्रमुख वैशिष्ट्य होय. वरवर विसंगत वाटणाऱ्या या शेजाराला चीनच्या उद्यान-इतिहासात मात्र बराच जुना आधार आढळतो.

नाव

हॉटेलचे चिनी नाव 'नुओचिन' असे आहे. त्यातील 'नुओ' या अक्षराचा अर्थ वचन आणि 'चिन' या अक्षराचा अर्थ सोने असा होतो. दिलेल्या एका वचनाचे मोल हजार सुवर्णमुद्रांइतके असते, अशा आशयाची म्हण चिनी भाषेत प्रचलित आहे. त्या म्हणीत ही दोन्ही अक्षरे येतात. नुओ हा बीजिंग टुरिझम ग्रुप या सरकारी मालकीच्या उद्योगसमूहाचा ब्रँड आहे. या नावाचे पहिले हॉटेल २०१५ साली बीजिंगमध्येच सुरू झाले आणि त्याच्या सजावटीत मिंग राजवटीच्या काळातील कलेला महत्त्व देण्यात आले. जगभरच्या आलिशान हॉटेलांच्या क्षेत्रात दीर्घकाळ युरोपीय व अमेरिकी नावांचेच वर्चस्व राहिले. चिनी संस्कृतीच्या नावाने ओळखला जाणारा स्वतःचा उंची ब्रँड असावा, ही भूमिका नुओच्या स्थापनेमागे होती.

संकुल आणि स्थान

युनिव्हर्सल बीजिंग रिसॉर्ट हा चिनी सरकारी कंपन्यांचा समूह आणि अमेरिकेतील युनिव्हर्सल यांचा भागीदारी प्रकल्प आहे. त्यात चिनी बाजूचा वाटा ७० टक्के आहे. प्रकल्पाची बोलणी २००१ मध्येच सुरू झाली होती, परंतु केंद्रीय मान्यता मिळण्यास २०१४ साल उजाडले. अखेर २० सप्टेंबर २०२१ रोजी संकुलाचे औपचारिक उद्घाटन झाले.

थीम पार्कचे सात विभाग आहेत. हॅरी पॉटरची जादुई दुनिया, ट्रान्सफॉर्मर्स, मिनियन्स, जुरासिक वर्ल्ड, वॉटरवर्ल्ड आणि हॉलिवूड या सहा विभागांबरोबर 'कुंग फू पांडा' या चित्रपटमालेवर आधारलेला एक विभाग आहे. हा विभाग पूर्णपणे छताखाली असून युनिव्हर्सलच्या उद्यानांत असा स्वतंत्र पांडा-विभाग प्रथम बीजिंग येथेच उभारण्यात आला. पार्कच्या बाहेर सिटीवॉक हा दुकाने व उपाहारगृहांचा परिसर आहे. दोन्ही हॉटेलांतून पार्कच्या प्रवेशद्वाराकडे पायी जाता येते.

थोंगचौ हे ऐतिहासिक ग्रँड कॅनॉल या महाकालव्याचे उत्तरेकडील टोक होय. दक्षिण चीनमधील तांदूळ, रेशीम आणि बांधकामाचे साहित्य शतकानुशतके याच मार्गाने राजधानीस पोहोचत असे. अलीकडच्या काळात बीजिंग महानगरपालिकेची कार्यालये या जिल्ह्यात हलवण्यात आली असून त्यास राजधानीचे प्रशासकीय उपकेंद्र मानले जाते. संकुलासाठी मेट्रोच्या मार्ग क्रमांक १ आणि ७ वरील स्वतंत्र स्थानक २०२१ मध्ये सुरू झाले. त्यामुळे थ्यानआनमन चौकाजवळून गाडी न बदलता संकुलापर्यंत येता येते.

शाही उद्यानांची परंपरा

चिनी उद्यानकलेच्या दोन मुख्य धारा मानल्या जातात. एक, सूचौसारख्या दक्षिणेकडील शहरांतील विद्वान व अधिकारी यांची घरगुती उद्याने आणि दुसरी, उत्तरेकडील सम्राटांची विस्तीर्ण शाही उद्याने. पहिल्या धारेत थोड्या जागेत डोंगर, पाणी व एकांत यांचा आभास निर्माण केला जातो. दुसऱ्या धारेत खरे डोंगर आणि मोठे तलाव यांनाच उद्यानात सामावून घेतले जाते. मिंग काळाच्या अखेरीस, १६३० च्या दशकात, ची छंग याने लिहिलेला 'युआन ये' हा उद्यानरचनेवरील चिनी भाषेतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. उद्यानाच्या सीमेबाहेरील डोंगर, मनोरा वा झाडी यांना दृश्याचा भाग करून घेण्याचे 'उसन्या दृश्याचे' तत्त्व त्यात मांडले आहे.

छिंग राजवटीत (१६४४–१९१२) शाही उद्यानांचा सर्वाधिक विस्तार झाला. छंगदे येथील ग्रीष्मकालीन निवासाचे काम १७०३ मध्ये सुरू होऊन १७९२ पर्यंत चालले. त्याच्या चिनी नावाचा अर्थच 'उन्हाळा टाळण्याचे डोंगरी निवासस्थान' असा आहे. बीजिंगच्या वायव्येस युआनमिंगयुआन या उद्यानाची उभारणी १७०७ मध्ये सुरू झाली. खांगशी सम्राटाने ते आपल्या चौथ्या पुत्रास दिले. पुढे हा पुत्र योंगचंग सम्राट झाला. त्याने आणि त्याचा पुत्र छ्यानलोंग याने या उद्यानाचा मोठा विस्तार केला. छ्यानलोंगनेच १७५० पासून शेजारी दुसरे उद्यान उभारले, जे आज समर पॅलेस म्हणून ओळखले जाते.

अनुकृतींचे उद्यान

ही उद्याने म्हणजे केवळ झाडे व तलाव नव्हते. सम्राटाला आवडलेली दूरदूरची स्थळे तेथे पुन्हा उभारली जात. छंगदे येथे दक्षिणेकडील चन्च्यांग व च्याशिंग या शहरांतील प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती आहेत. त्याच परिसरात ल्हासाच्या पोताला प्रासादाच्या धर्तीवरचे मंदिर १७६७ ते १७७१ या काळात बांधले गेले. समर पॅलेसमध्ये कालव्याच्या दोन्ही काठांवर सूचौच्या बाजारासारखी दुकानांची रांग होती. सम्राट आला की राजवाड्यातील सेवक दुकानदारांची भूमिका घेत. राजाला सामान्य ग्राहकासारखे बाजारातून फिरता यावे, यासाठी हा सारा देखावा उभा केलेला असे.

युआनमिंगयुआनच्या एका कोपऱ्यात छ्यानलोंगने युरोपीय पद्धतीचे संगमरवरी महाल आणि कारंजी उभारली. त्यांची आखणी जुझेप्पे कास्तिल्योने या इटालियन चित्रकार-धर्मोपदेशकाने केली, तर कारंज्यांची यंत्ररचना मिशेल बेन्वा या फ्रेंच धर्मोपदेशकाने केली. तेथील एका कारंज्याभोवती चिनी राशिचक्रातील बारा प्राण्यांची ब्राँझची मस्तके असलेल्या मूर्ती बसवल्या होत्या. दर दोन तासांनी एकेका प्राण्याच्या मुखातून पाणी उडे. पाण्यावर चालणारे ते एक घड्याळच होते.

दूरचा प्रदेश जवळ आणणे, त्याला लहान आणि सुरक्षित करणे, सेवकांना भूमिका देणे आणि पाहुण्याला कथेचा भाग बनवणे ही आजच्या थीम पार्कची मूलतत्त्वे होत. ती सर्व छिंग सम्राटांच्या उद्यानांत दिसतात. फरक इतकाच की तेथे पाहुणा एकच असे. शाही उद्यानाची छाप असलेले हॉटेल थीम पार्कच्या शेजारी उभे राहणे, हे या अर्थाने परंपरेला सोडून नाही.

१८६० चा विध्वंस

दुसऱ्या अफू युद्धात ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने ऑक्टोबर १८६० मध्ये युआनमिंगयुआन लुटले. वाटाघाटींसाठी गेलेल्या पथकातील काही कैद्यांचा चिनी कोठडीत मृत्यू झाल्याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिन याने ते जाळण्याचा हुकूम दिला. लाकडी महाल भस्मसात झाले. युरोपीय महालांचे दगडी अवशेष मात्र उरले आणि चीनच्या मानहानीचे प्रतीक म्हणून तेच अवशेष आज पाठ्यपुस्तकांत व छायाचित्रांत दिसतात. कारंज्याच्या बारा मस्तकांपैकी काही पुढे परत मिळाली, तर काहींचा ठावठिकाणा लागलेला नाही.

या घटनेशी भारताचाही संबंध आहे. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणी होत्या. ज्या अफूच्या व्यापारातून ही युद्धे उद्भवली, त्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि तत्कालीन मुंबईतील अनेक व्यापारी घराण्यांच्या संपत्तीत तिचा वाटा होता. एल्गिन १८६२ मध्ये भारताचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्याच वर्षी धरमशाला येथे मरण पावला.

या पार्श्वभूमीवर, चीनमध्ये शाही उद्यानाचे रूप पुन्हा उभारणे हा केवळ सजावटीचा प्रश्न राहत नाही. जे जाळले गेले त्याची आठवण त्यात असते. एखादे आलिशान हॉटेल त्या आठवणीला न्याय देते की तिला विक्रीयोग्य करते, याविषयी मतभेद संभवतात.

बीजिंगमधील चिनी शैलीची हॉटेले

'चिनी शैली' म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला बीजिंगमधील हॉटेलांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

फ्रेंडशिप हॉटेल हे १९५४ मध्ये वास्तुविशारद चांग बो यांच्या आराखड्यानुसार सोव्हिएत तज्ज्ञांच्या निवासासाठी बांधले गेले. आधुनिक इमारतीवर पारंपरिक वळणदार मोठे छप्पर, असे त्याचे स्वरूप आहे. इतिहासकार व वास्तुविशारद लियांग सछंग यांनी पुरस्कारलेल्या 'राष्ट्रीय रूपा'चा हा काळ होता. १९५५ मध्ये मात्र अशा छपरांवर उधळपट्टी म्हणून जाहीर टीका झाली आणि 'मोठे छप्पर' हा शब्दच काही काळ दोषारोपासारखा वापरला गेला.

फ्रॅग्रंट हिल हॉटेल हे १९८२ मध्ये बीजिंगच्या पश्चिमेकडील टेकड्यांत सुरू झाले. चीनमध्ये जन्मलेले अमेरिकी वास्तुविशारद आय. एम. पेई यांना आरंभी शहराच्या मध्यभागी उंच हॉटेल बांधण्याविषयी विचारण्यात आले होते. जुन्या राजवाड्याच्या परिसराला उंच इमारतींनी बाधा येईल, म्हणून त्यांनी नकार दिला. त्याऐवजी त्यांनी ठेंगणी इमारत, पांढऱ्या भिंती, करड्या विटांच्या रेषा, चौकटीतून दिसणारी बाग आणि अंगणे यांची निवड केली. त्यांच्या कुटुंबाचा सूचौ येथील 'सिंहवन' या प्रसिद्ध उद्यानाशी संबंध होता. हे हॉटेल राजवाड्याकडे न पाहता विद्वानांच्या उद्यानाकडे पाहते. त्या वेळी अनेक चिनी अधिकाऱ्यांना ते पुरेसे आधुनिक वाटले नाही आणि परदेशी समीक्षकांनी मात्र त्याची प्रशंसा केली.

१९९० च्या दशकात बीजिंगमधील अनेक उंच इमारतींच्या माथ्यावर पारंपरिक मंडप बसवण्याची प्रथा पडली. १९९६ मधील पश्चिम रेल्वे स्थानक हे तिचे ठळक उदाहरण होय. जुन्या राजधानीचे रूप राखण्याचा हेतू त्यामागे होता, परंतु इमारतीला टोपी घातल्यासारखे दिसते अशी टीकाही झाली.

नुओ रिसॉर्ट हॉटेल या मालिकेतील पुढचा टप्पा मानता येईल. येथे शैली ही राष्ट्रीय घोषणा नसून पाहुण्याने विकत घेतलेल्या अनुभवाचा भाग आहे. थीम पार्कच्या शेजारी हॉटेल उभारण्याची प्रथा अमेरिकेत १९५५ मध्ये डिस्नीलँडबरोबरच सुरू झाली. पाहुणा एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवस राहावा आणि कथेचे वातावरण झोपेपर्यंत टिकावे, हा तिचा व्यावसायिक हेतू असतो.

चिनी शैलीची ओळख

अशा हॉटेलात आढळणाऱ्या रचना व चिन्हे समजून घेतल्यास मुक्कामाला वेगळा अर्थ येतो. चिनी शैलीतील वास्तूंत पुढील घटक सामान्यतः दिसतात.

अक्ष आणि अंगण: पारंपरिक वास्तू दक्षिणाभिमुख असते आणि तिचे चौक उत्तर-दक्षिण अक्षावर एकामागून एक येतात. आत जावे तसा एकांत वाढतो. महाराष्ट्रातील चौसोपी वाड्याशी या कल्पनेचे साम्य आहे, मात्र चिनी रचनेत दिशेचे व ज्येष्ठतेचे नियम अधिक काटेकोर असतात.

आडभिंत: प्रवेशद्वारासमोर भिंत उभारून आतील भाग थेट दिसू दिला जात नाही. तिच्यामुळे दुष्ट शक्ती अडतात अशी श्रद्धा आहे. व्यवहारात तिच्यामुळे घराचा खासगीपणा जपला जातो.

रंग आणि संख्या: छिंग काळात पिवळी झिलईची कौले सम्राटासाठी राखीव होती, तर सामान्यांची घरे करड्या कौलांची असत. उद्यानांत मात्र सम्राटही अनेकदा करडी कौले वापरत, कारण तेथे साधेपणाचा भाव अपेक्षित असे. राजद्वारांवर नऊ ओळींत नऊ खिळे असत. 'चार' या शब्दाचा उच्चार 'मृत्यू' या शब्दाशी मिळताजुळता असल्याने काही इमारतींत चौथा मजला गाळला जातो. 'आठ' हा अंक समृद्धिसूचक मानतात.

लाकडी जोड: छपराचा भार खांबांवर आणणाऱ्या, एकमेकांत अडकलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या रचनेस 'दोउगोंग' म्हणतात. ११०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोंगकालीन बांधकाम-संहितेत तिची मापे दिलेली आहेत. आधुनिक इमारतींत भार काँक्रीट व पोलाद पेलते आणि ही रचना बहुधा शोभेपुरतीच उरते.

वनस्पती: पाइन, बांबू आणि प्लम हे 'हिवाळ्यातील तीन मित्र' म्हणून ओळखले जातात. चिखलात उगवूनही निर्मळ राहणारे कमळ हे सज्जनाचे प्रतीक आहे. अकराव्या शतकातील विचारवंत चौ दुनयी यांच्या कमळावरील लघुलेखाने ही प्रतिमा चीनमध्ये रूढ केली. संस्कृत व मराठीतील 'पंकज' या शब्दामागे हीच कल्पना आहे.

निवासाचे स्वरूप

चिनी कायद्यानुसार परदेशी पाहुण्याची नोंद करून ती पोलिसांकडे पाठवणे हॉटेलवर बंधनकारक असते. त्यासाठी लहान मुलांसह प्रत्येकाचे पारपत्र आगमनाच्या वेळी दाखवावे लागते. देयके बहुतांश मोबाइलवरून, अलिपे व वीचॅट या ॲपद्वारे दिली जातात आणि दोन्ही ॲप परदेशी कार्डाशी जोडता येतात. बक्षिशीची प्रथा चीनमध्ये रूढ नाही.

नळाचे पाणी न उकळता पिण्याची पद्धत नाही. खोलीतील किटली, चहाचे साहित्य आणि बाटलीबंद पाणी यांचे स्थान म्हणूनच महत्त्वाचे असते. कोमट वा गरम पाणी पिणे हे आरोग्यदायी मानले जाते आणि जेवणाबरोबरही तेच दिले जाण्याचा संभव असतो.

सकाळच्या चिनी न्याहारीत तांदळाची पेज, तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या, सोयाबीनचे दूध आणि वाफवलेले भरलेले पाव हे पदार्थ प्रमुख असतात. शाकाहारी पाहुण्याने केवळ 'मांस नको' असे सांगणे पुरेसे ठरत नाही, कारण भाजी मांसाच्या रश्श्यात शिजवलेली किंवा डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. 'सू' हा चिनी शब्द शाकाहारी अन्नासाठी वापरतात. बौद्ध परंपरेच्या कडक 'सू' भोजनात मांसाबरोबर कांदा आणि लसूणही वर्ज्य असतात. जैन पाहुण्यांना या परंपरेतील उपाहारगृहे अधिक सोयीची ठरतात, मात्र कंदमुळांविषयी तेथेही स्वतंत्रपणे विचारावे लागते.

बीजिंगचा हिवाळा कोरडा असून जानेवारीत तापमान शून्याखाली जाते. जुलै व ऑगस्ट हा पावसाचा काळ असतो आणि शहरातील उद्यानांत कमळेही तेव्हाच फुलतात. वसंतोत्सवाची सुटी आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सप्ताह या काळात देशभर मोठ्या प्रमाणावर प्रवास होतो. तेव्हा थीम पार्कमधील रांगा आणि हॉटेलांचे दर दोन्ही वाढतात.

मूल्यमापन

या हॉटेलाच्या शैलीकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मतानुसार येथे इतिहास केवळ पडद्यासारखा वापरला आहे. चौक, कौले आणि कमळे यांचा मूळ संदर्भ सुटला असून ती चैनीची सजावट झाली आहे. दुसऱ्या मतानुसार जिवंत शैली ही वापरातूनच टिकते, आणि परदेशी ब्रँडच्या ठरावीक रूपापेक्षा स्वतःच्या परंपरेचा शोध घेणे अधिक मोलाचे आहे.

हा वाद समजण्यास शेजारचा पांडा-विभाग उपयोगी पडतो. २००८ मध्ये पहिला 'कुंग फू पांडा' प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्या संस्कृतीवरचा असा चित्रपट अमेरिकेत का झाला आणि आपल्याकडे का नाही, अशी चर्चा चीनमध्ये झाली होती. आज त्या चित्रपटाचा काल्पनिक चीन थीम पार्कमध्ये आहे आणि चिनी समूहाने मांडलेला चीन हॉटेलात आहे. दोन्ही कल्पितेच आहेत. पहिले कल्पित बाहेरून पाहणाऱ्याचे आहे आणि दुसरे आपल्याच भूतकाळाकडे वळून पाहणाऱ्याचे आहे. अडीचशे वर्षांपूर्वी छ्यानलोंगने आपल्या उद्यानात युरोप उभा केला होता. त्याच शहरात आता अमेरिकी करमणुकीचे उद्यान आहे आणि त्याच्या काठावर छ्यानलोंगच्या उद्यानांची आठवण आहे.

मूळ उद्याने पाहण्याची संधीही याच शहरात मिळते. युआनमिंगयुआनचे अवशेष सार्वजनिक उद्यान म्हणून खुले आहेत. समर पॅलेसचा समावेश १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, तर छंगदे येथील निवास १९९४ पासून त्या यादीत आहे. एकेकाळी सर्वसामान्यांना प्रवेश नसलेल्या या जागांत आज माफक शुल्क देऊन कोणीही फिरू शकतो. हॉटेलातील चौक आणि युआनमिंगयुआनमधील जळितातून उरलेले दगड, दोन्ही एकाच मुक्कामात पाहणाऱ्यास शाही उद्यान म्हणजे काय होते याची अधिक नेमकी कल्पना येते.